माशांनी पास केलेलं पाणी

आमच्या कारखान्यामागून एक नाला खाडीकडे जायचा. आत आज कोणता रंग शिजतोय हे गेटवर न विचारताही त्या नाल्यावरून कळायचं. लालची बॅच असली की नाला लाल, निळ्याची असली की निळा. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून बस जाताना पुलावर आया आपल्या मुलांना खिडकीतून तो दाखवायच्या. मी बी.एस्सी. होऊन तिथल्या लॅबमध्ये लागले तेव्हा मलाही त्यात गंमतच वाटली होती.

नव्वदीची सुरुवात होती. वडिलांची बदली साताऱ्याहून मुंबईला झाली. मुंबईत घर घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून नेरुळला नव्या सोसायटीत दोन खोल्या घेतल्या. आजूबाजूला सगळे आमच्यासारखेच, कुठून कुठून आलेले. संध्याकाळी जिना चढताना दर मजल्यावर वेगळ्या फोडणीचा वास यायचा. घर लागलं आणि महिन्याभरात मला ही नोकरी मिळाली.

कारखाना लहान होता, चाळीसेक माणसांचा. सुती सूत रंगवायची पावडर आम्ही बनवायचो आणि त्यात लाल आमचा खास. तो ड्रममध्ये भरून न्हावा-शेव्याच्या नव्या बंदरातून बांगलादेशात, श्रीलंकेत जायचा, तिथल्या लुंग्यांसाठी आणि हातमागाच्या कापडासाठी. कितीही घासलं तरी माझ्या नखांच्या कडा गुलाबी राहायच्या. भाजीवाला सुद्धा नखं बघून विचारायचा, रंगाच्या कंपनीत का?

नाल्याच्या तोंडाशी सिमेंटच्या दोन टाक्या होत्या. सांडपाणी बाहेर सोडण्याआधी त्यांत ते शुद्ध करायचं, असा नियम होता. त्या टाक्यांवर एक माणूस नेमला होता, नेरुळजवळच्या सारसोळे गावचा कोळी, पन्नाशीचा, बारीक अंगाचा. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला बाय म्हणायचे. एके काळी त्यांची स्वतःची होडी होती. खाडीत मासा कमी होत गेला तशी त्यांनी होडी भावाला देऊन ही नोकरी धरली. ज्या पाण्यानं मासा घालवला त्याच पाण्यावर आता माझा पगार, असं ते एकदा सहज बोलून गेले. त्यात राग नव्हता.

त्यांची बायको नेरुळच्या बाजारात मासे विकायची. माझ्या आईला साताऱ्यात सुकटीपलीकडे काही माहीत नव्हतं. बोंबील कसा धरायचा, चिंबोरी कशी मोडायची, हे तिला त्या बाईनं पाटीशेजारी बसवून शिकवलं. त्यामुळे काकांच्या घरची खबर आम्हाला असायची आणि आमच्या घरची त्यांना.

टाक्या बहुतेक वेळ बंद असत. तपासणीला सरकारी साहेब येणार असं कळलं की चुना पडायचा, ढवळणारा पंखा फिरायचा, आणि साहेब गेले की सगळं पूर्ववत. हे मलाही ठाऊक होतं, लॅबमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही त्यावर बोलायचो नाही.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर कोलंबोहून एक बाई आल्या. तिथे त्यांचे हातमाग होते, आणि आमच्या लाल रंगाच्या त्या जुन्या गिऱ्हाईक. उतारवयाच्या, सुती साडी वेगळ्याच पद्धतीनं नेसलेल्या, खांद्याला स्वतःच्या मागावर विणलेली पिशवी. त्यांचं कापड युरोपात जायचं आणि तिथल्या लोकांनी ते परत पाठवलं होतं. जुन्या लाल रंगांच्या एका कुळात अंगाला घातक असं काही निघालं होतं आणि आमचा लाल त्याच कुळातला होता. त्यांना नवा लाल हवा होता, आणि तो शेजारी मिळत असेल तर दूरच्या देशाकडे जायचं नव्हतं.

आमच्या शेठनी लगेच होकार दिला. नव्या लालचे नमुने मी आधीच करून ठेवले होते, ते बाईंना आवडलेही. शेठना इंग्रजी बेताचं यायचं, म्हणून मी बरोबर होते. कारखाना बघून झाल्यावर बाईंनी नाला बघायला मागितला. काठावर उभ्या राहून त्या म्हणाल्या, की त्यांच्या गावात माग आहेत तिथेही एक ओढा आहे आणि धागा धुतला की तोही असाच लाल होतो. तुमचा रंग दोनदा नदीत जातो, एकदा इथे आणि एकदा तिथे. मग त्यांनी विचारलं, हे पाणी पुढे कुठे जातं?

शेठ म्हणाले, सगळं पाणी आधी टाकीत शुद्ध होतं. बाईंनी टाकीकडे पाहिलं. काका तिथेच उभे होते. त्या मला म्हणाल्या, ह्यांना विचार.

मी काकांना विचारलं, पाणी कुठे जातं, आणि टाकी रोज चालते का.

काकांनी शेठकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "खाडीत जातंय. तिथं आमी ऱ्हातो. टाकी कवा कवा चालते, सायेब येनार असल तवा."

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. शेठही. मला अर्धं सांगता आलं असतं. खाडीत जातं, एवढं सांगून थांबता आलं असतं. आजवर कधी लॅबच्या वहीत खोटा आकडा मी लिहिला नव्हता, पण कुणी न विचारलेलं खरं सांगितलंही नव्हतं. मी काकांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं.

बाई रागावल्या नाहीत. उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा येईन म्हणाल्या, तेव्हा पाणी बघेन आणि मगच नव्या लालचं बोलेन. त्यांची टॅक्सी गेल्यावर शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुला भाषांतर करायला सांगितलं होतं," ते म्हणाले. "साक्ष द्यायला नाही."

नोकरी गेली असंच मी धरून चालले होते. पण शेठ तसे हिशेबी असले तरी दुष्ट नव्हते. पेपरवेट फिरवत ते म्हणाले की आता ते पाणी तूच स्वच्छ करायचंस, तू आणि तो कोळी. लॅबचं काम सांभाळून. उन्हाळ्याच्या आत.

त्यानंतरचे सहा महिने मला अजून जसेच्या तसे आठवतात. सकाळी बसमधून उतरले की मी आधी टाकीवर जायचे, मग लॅबमध्ये. पाणी आंबट यायचं, त्यात चुना घालायचा. मग हिराकस. हिरवे खडे पाण्यात विरले की रंग फाटल्यासारखा व्हायचा आणि गाळ होऊन तळाशी बसायचा. वरचं पाणी पहिल्यांदा नितळ दिसलं तेव्हा मी चंचुपात्र उन्हात धरून काकांना दाखवलं. त्यांनी मान डोलावली नाही.

"दिसाया बरा हाय," ते म्हणाले. "पन मासं जगल का?"

नियमातही तशी एक चाचणी होती, शुद्ध केलेल्या पाण्यात मासे चार दिवस जगले पाहिजेत अशी. आमच्याकडे ती कुणी कधी केलीच नव्हती. मी म्हटलं, बाजारातून काचेच्या भांड्यातले मासे आणू. काका हसले. रंग बनवताना आपण पोत्यानं मीठ घालतो, ते सगळं ह्याच पाण्यात येतं, तुमचं गोड्या पाण्यातलं मासं मिठानंच मरेल, असं त्यांनी मला समजावलं. खाडीतला मासा पाहिजे. मी रसायनशास्त्र शिकलेली, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते झाकणाच्या बादलीत खाडीतल्या बोय माशाची बोटभर पिल्लं घेऊन आले. बसमध्ये कंडक्टरनं बादलीचंही तिकीट लावलं म्हणून वैतागले होते. मी विचारलं, निवट्या का नाही आणल्या, त्या तर किनाऱ्यावर चिखलात उड्या मारतात, हातानं मिळतात. ते म्हणाले, निवटी कशातही जगते, तिच्या जगण्याला काही अर्थ नाही. बोय नाजूक, बोय खरं सांगेल.

बोयनी खरं सांगितलं. पहिली दहा पिल्लं डबा खाईपर्यंत उलटी होऊन तरंगू लागली. काकांनी ती एकेक करून ओंजळीत काढली आणि टाकीमागे पुरली. मला वाटलं होतं ते फेकून देतील. पुढच्या आठवड्यात चुना कमी केला, तेव्हा संध्याकाळपर्यंत जगली. मग हिराकसाचं प्रमाण बदललं. मग पावडर दुसऱ्यांदा धुतल्यावरचं पाणी वाया न घालवता पुढच्या बॅचला वापरायला लागलो, तेव्हा येणारं पाणीच निम्मं झालं आणि रंगही कमी आला. ते मी शेठना सांगितल्यावर ते पहिल्यांदा टाकीवर आले, आणि त्यानंतर येतच राहिले. तरी मासे दुसरा दिवस पार करत नव्हते. बाजारात काकांची बायको माझ्या आईला म्हणाली, माणूस माझा रोज मासे घेऊन जातो आणि रोज सुतकी तोंडानं घरी येतो.

लॅबमध्ये माझे सगळे आकडे बरोबर येत होते. मी पुन्हा पुन्हा तेच तपासत बसले होते. एका दुपारी काका टाकीच्या कठड्यावर ओणवे झाले आणि कितीतरी वेळ तसेच राहिले. मग मला हाक मारली.

"बाय, हे बगा. वर येऊन तोंड उघडतान. इख नाय त्यांना. हवा नाय."

इख म्हणजे विष. पाण्यात विष उरलं नव्हतं, पण मासे गुदमरत होते. आम्ही कॉम्प्रेसरची एक जुनी नळी घेतली, तापलेल्या खिळ्यानं तिला भोकं पाडली आणि तळाशी सोडली. पाण्यातून बुडबुडे वर येऊ लागले. तो गुरुवार होता. शुक्रवारी दहा जिवंत. शनिवारी नऊ. रविवारी सुट्टी असूनही मी आईला मैत्रिणीकडे जाते सांगून बस पकडली. काका माझ्या आधी येऊन बसले होते. सोमवारी सकाळीही नऊ मासे टाकीत फिरत होते. काकांनी खिशातून ग्लुकोजचं बिस्किट काढलं, बोटांत चुरलं आणि पाण्यावर टाकलं. मासे वर आले. मला रडू येत होतं आणि ते नाल्याकडे बघत होते. नाला त्या दिवशी साध्या पाण्याच्या रंगाचा होता.

कोलंबोच्या बाई ठरल्याप्रमाणे आल्या. त्यांनी बांगडी मागे सारून टाकीत हात घातला आणि मासे बोटांना लागेपर्यंत तसाच ठेवला. मग पिशवीतून एक लुंगी काढली, आमच्या नव्या लालच्या नमुन्यात रंगवलेली, आणि ती शेठना न देता काकांना दिली. काका ती त्या वर्षी नारळी पौर्णिमेला नेसले. सारसोळ्यात सगळ्यांनी विचारलं म्हणे, कुठून आणली.

पहिला माल निघाला तेव्हा कागदपत्रं घेऊन मला टेम्पोबरोबर पाठवलं, आणि काका स्वतःहून म्हणाले, मीही येतो. कळंबोलीला लोखंडाच्या बाजारापलीकडे ट्रकवाल्यांचा अड्डा होता, तिथे ड्रम मोठ्या गाडीत चढवले आणि आम्ही ड्रायव्हरशेजारी बसून बंदरापर्यंत गेलो. गेटच्या आत आम्हाला सोडलं नाही. रस्त्याकडेला उभं राहून क्रेन बघितल्या. काकांनी हात लांब करून मला दाखवलं, त्या क्रेनच्या पायाशी त्यांचे वडील जाळं टाकायचे. नंतर एवढंच म्हणाले, की आपला रंग बोटीत बसून लांब चालला, मी एवढ्या लांब कधी गेलो नाही. येताना आम्ही टपरीवर चहा घेतला. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि मला वाटत होतं की हे आता असंच चालू राहणार.

तीन-चार वर्षं चाललंही. मग शेठचा मुलगा शिकून परत आला. हुशार मुलगा, आमच्याशी आदरानं वागणारा. त्याने हिशेब मांडला की ठाणे-बेलापूर पट्ट्यात जागा उरली नाही, वीज महाग आहे, आणि गुजरातेत समुद्रकाठी निर्यातीसाठी खास झोन केलाय. तिथे मालावर कर नाही, जमीन आयती, रस्ता थेट बंदराला. सगळं खरं होतं. कारखाना तिकडे न्यायचं ठरलं. मला त्याने पाण्याच्या विभागाची प्रमुख म्हणून बोलावलं. काकांना विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तरी ते गेले नसते.

मी जाऊ नये असं मला वाटत होतं आणि जावं असंही. शेवटी एका दुपारी काकांनाच विचारलं. ते टाकी रिकामी करत होते.

"तुमी जा बाय," ते म्हणाले. "तिकडं बी पानी असनारच ना."

टाकीत तेव्हा दोन डझन बोय होत्या, चांगल्या वीतभर झालेल्या. आम्ही त्या बादल्यांत भरून रिक्षानं सारसोळ्याच्या जेटीवर नेल्या. भरती होती. काकांनी बादली पाण्याला टेकवून तिरकी केली. एक मासा बराच वेळ बादलीतच राहिला, त्याला बाहेर पडायचं सुचेना. काकांनी त्याला हातानं ढकललं नाही. आम्ही तो जाईपर्यंत थांबलो.

झोन सुंदर होता. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना एका उंचीची झाडं, कारखान्यांपुढे हिरवळ, गेटवर पाहुण्यांसाठी झोन कसा पर्यावरणाला जपतो ते सांगणारा मोठा फलक. सगळ्या कारखान्यांचं पाणी एका सामाईक ठिकाणी शुद्ध व्हायचं आणि जाड पाइपातून खोल समुद्रात जायचं. माझं काम म्हणजे आमचं पाणी तिकडे सोडायचं आणि रोज त्याच्या तपासणीचे चार आकडे लिहायचे. पहिल्याच मीटिंगमध्ये मी मासे ठेवायची टाकी मागितली. ती मंजूर झाली. पंधरा दिवसांनी रिसेप्शनमध्ये काचेची पेटी आली, आत दिवा, शिंपले, नळाचं पाणी आणि पाच सोनेरी मासे. माझ्या मागणीमुळे आली म्हणून सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी आभार मानले आणि त्या दिवशी क्वार्टरमध्ये येऊन न जेवता झोपले.

तिथे मला करमलं नाही असं म्हटलं तर लोक विचारतात, काय कमी होतं? काही नाही. पगार जास्त, घर मोठं. पण सकाळी उठले की मला आंबट पाण्याचा आणि चुन्याचा वास हवासा वाटायचा. कुणीतरी कठड्यावर ओणवं होऊन बाय म्हणून हाक मारावी असं वाटायचं. रविवारी एस.टी.डी.वरून आईला फोन केला की मी आधी बाजाराचं विचारायचे. आईनं सांगितलं की काकांनी काही दिवस सानपाड्याला एका सोसायटीत वॉचमनकी केली, मग सोडली, आणि भावाकडून होडी परत मागून घेतली.

दीड वर्षानं सुट्टी मिळाली तेव्हा मी सारसोळ्याला गेले. त्यांच्या बायकोनं अंगणात जाळी पसरली होती. ती म्हणाली, खाडीत गेलेत, भरतीचं पाणी भरलं की येतील. मी जेटीवर बसून राहिले. समोर खारफुटी, आणि पलीकडे नव्या रस्त्याचा भराव आणि अर्ध्या बांधलेल्या इमारती. होडी आली तेव्हा काकांनी मला लांबूनच ओळखलं. केस पांढरे झाले होते, पण अंगानं भरले होते. टोपलीत मासळी थोडी होती. आपला नाला सुधारला, बाकीचे आहेतच की, ते म्हणाले. आमच्या जागी आता कसलंसं गोदाम झालंय हेही त्यांनीच सांगितलं.

मग त्यांनी मला विचारलं, "तिथला पानी कसा हाय, बाय?"

चार आकडे मला पाठ होते. पण त्या पाण्यात मासा जगतो का, हे त्यांतून कळत नव्हतं.

"मला माहीत नाही, काका," मी म्हटलं. "पाइप फार लांब जातो."

टोपलीतली त्यातल्या त्यात मोठी बोय काढून त्यांनी केळीच्या पानात बांधली, आईला द्या म्हणाले, आणि होडीतलं पाणी उपसू लागले. मला त्यांनी थांबा म्हणावं असं वाटत होतं. तिथे मी कशासाठी थांबायचं, हे मला तरी कुठे ठाऊक होतं. मी निघाले.

परत गेल्यावर पहिल्या रविवारी मी झोनच्या कुंपणाबाहेर पडले आणि पाइप जिथे किनाऱ्याखाली जातो तिथवर चालत गेले. दीड तास लागला. तिथे सिमेंटचा एक खांब होता आणि पुढे नुसता समुद्र. थोडं पलीकडे आठ-दहा झोपड्यांची वस्ती होती, मासे वाळत घातलेले. एक बाई जाळं सांधत बसली होती. मी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, इथे मासा कसा आहे? ती तिच्या बोलीत भरभर काहीतरी बोलली. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. तिनं बाजूची पाटी पालथी घालून मला बसायला दिली.

पुढच्या रविवारीही मी गेले.